एकशे चौदा नंबरचा फॉर्म

मंगळवारी सकाळी सव्वानऊला नसरीनचा फोन आला. "मॅडम, अब्बा गेले," ती म्हणाली. फजरची नमाज पढून तुम्ही खुर्चीत बसलात आणि चहा मागितला. ती चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही गेलेले होतात. दुपारी दफन झालं. मी कॉलेजात दोन तास घेतले आणि घरी येऊन तुम्ही भरलेले फॉर्म काढून बसले.

त्याला आज सव्वीस दिवस झाले, जमादार. कॉलेजातल्या आमच्या विभागाच्या पत्रिकेसाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या असं मला सांगितलंय. जन्म, नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण आहे. तो मजकूर नसरीन देईल. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि त्यात मी शेवटचा एक शब्द बोलले. तो चांगला शब्द नव्हता.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. तुम्ही पोलीस ठाण्यात रायटर होतात. दारातून आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं आणि ते कागदावर उतरवायचं, हे तुमचं काम. आणि मी संख्याशास्त्र शिकवते. एका वर्षात किती माणसांवर गुन्हा घडला हे कसं मोजायचं, हा माझा विषय. आपली ओळख झाली ती मी ठाण्यात आकडे मागायला आले तेव्हा. साहेब बाहेर गेले होते. तुम्ही मला बाकावर बसवलंत, चहा सांगितलात आणि विचारलंत, "मॅडम, आमच्याकडं आकडा कमी आला का ठाणं चांगलं. तुमच्याकडं कसं असतंय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे आकडा खरा आला की चांगलं."

"मग तुमचं अवघड हाय," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या बशीत एक बिस्कीट जास्तीचं ठेवलंत.

निवृत्तीनंतर वर्षभरानं तुम्ही स्वतःच विभागात आलात. घरात बसून कंटाळलो म्हणालात. आमची पाहणी तेव्हा सुरू होत होती. पोलिसांपर्यंत जे पोचतं ते रजिस्टरात असतं. जे पोचत नाही ते मोजायचं तर दारोदार जाऊन विचारावं लागतं, की गेल्या बारा महिन्यांत तुमच्याकडे चोरी झाली का, कुणी काही हिसकावलं का, मारहाण केली का, आणि झालं असेल तर पोलिसांना कळवलं का. शहागंजच्या बाजूची काही घरं, चिकलठाण्याची काही, वाळूजची आणि शेंद्र्याची. मला माणसं हवी होती. विभागातल्या एकदोघांनी कपाळाला आठ्या घातल्या. पोलिसालाच घेऊन जाणार? लोक त्याच्यासमोर बोलतील? मलाही तीच शंका होती. पण तुमच्याइतकं कुणी ऐकलेलं नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत लोक फारसं बोललेच नाहीत. तुम्ही साधा शर्ट घालायचात, पण पायात तेच ठाण्यातले तपकिरी बूट. चिकलठाण्यात एका म्हाताऱ्यानं दार उघडलं, वर पाहिलंच नाही, खाली तुमच्या पायांकडे पाहून म्हणाला, "आमच्याकडं कायबी नाय झालं, सायेब. सगळं बरं हाय." तुम्ही परत येताना मला म्हणालात, "मॅडम, बूट कबूल करायलेत का मी पोलीस हाय." दुसऱ्या दिवशी सँडल घालून आलात. नव्या सँडलनं टाच सोलली, तरी आठवडाभर लंगडत फिरलात. विचारलं तर म्हणालात, "हौ, तक्रार नोंदवायला जातो संध्याकाळी."

मग ते सात फॉर्म. मी अजूनही ते सांगून विद्यार्थ्यांना हसवते, आणि दर वेळी मला थोडं वाईट वाटतं. तुमच्या पहिल्या सात घरांत मोबाइल चोरीच्या प्रश्नापुढे सगळीकडे 'नाही' अशी खूण होती. सातांतल्या पाच फॉर्मवर समासात बारीक, सुबक अक्षरात लिहिलेलं, 'सदर इसमाचा मोबाइल बाजारात गहाळ झाल्याचे समजते.'

मी विचारलं, "जमादार, गहाळ झाला म्हणजे यांच्या हातून पडला?"

"नाय. खिशातून काढला कुणीतरी."

"मग चोरीच ना?"

तुम्ही फॉर्मकडे बघत राहिलात. मग चष्मा काढलात. "हात आपोआप लिहितो, मॅडम," म्हणालात.

त्या दिवशी तुम्ही मला सगळं सांगितलंत. चोरी लिहिली की गुन्हा दाखल होतो, तपास लागतो, महिन्याच्या बैठकीत साहेबांना उत्तर द्यावं लागतं की तुमच्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या. गहाळ लिहिलं की दुसऱ्या रजिस्टरात एक ओळ होते. समोरच्यालाही बहुतेक वेळा नव्या सिमकार्डासाठी एक शिक्क्याचा कागदच हवा असतो. तो त्याला दहा मिनिटांत मिळतो. तो खूश, साहेब खूश. "मी पण खूशच असायचो," तुम्ही म्हणालात. "माणूस हसत जायचा ना."

तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं तरी त्या सातही घरी तुम्ही पुन्हा गेलात. मी गाडीभाडं देऊ केलं तर घेतलं नाहीत.

माझ्या प्रश्नावलीत जे नव्हतं ते तुम्ही मला शिकवलंत. प्रश्न विचारायचा, पेनाला टोपण लावायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. मी प्रश्न विचारून लगेच पुढच्यावर जायची. 'नाही' म्हटलं की 'नाही'. तुम्ही टोपण लावायचात. तिथे एखादं कॅलेंडर असायचं, ते वाचायचात. आणि मग आतून भाजी नीट करणारी बाई म्हणायची, "म्हंजे तसं काय नाय, पण ते सासूबाईच्या गळ्यातलं नेलं होतं ना, ते धरायचं का?" मोठमोठ्या पुस्तकांत या गोष्टीसाठी पानंच्या पानं खर्च केलेली मी वाचली आहेत. पेनाच्या टोपणाचं त्यात नाही.

आता वाळूजवर येते.

एकशे चौदा नंबरचं घर. बायकांची मुलाखत बाईनं घ्यायची असा आपला नियम, म्हणून मी सोबत होते. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. फॉर्मवरही नाव नसतं. तुम्हाला तिला नंबरानं हाक मारलेलं आवडत नसे, पण माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही.

तिनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. सँडलचा काही उपयोग झाला नाही.

"जमादार नव्हं का तुम्ही?"

"होतो," तुम्ही म्हणालात.

"गहाळवाले."

तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं ती आता दार लावून घेईल. तिनं सतरंजी टाकली.

पहिल्या पाळीला कंपनीच्या बसकडे जात होती. उजाडत होतं. मागून दोघं गाडीवर आले, हातातला फोन हिसकावला. तिनं सोडला नाही म्हणून फरफटली आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. सुजलेला हात छातीशी धरून ती तशीच ठाण्यात आली. "मी सांगायली होते, हिसकला, हिसकला," ती माझ्याकडे बघून बोलत होती. "हे म्हणले, गाडीचा नंबर बघितला का? नाय. मग हिसकला लिहिलं तर दहा खेपा माराव्या लागतील, सिमचा कागद आज मिळायचा नाय. आधी हात दाखव जा दवाखान्यात. खरं का खोटं, जमादार?"

"खरं हाय."

"चांगलंच बोलत होते, ताई. पाणी दिलं मला. पण कागदावर काय लिहिलं, तर म्हणे गहाळ. माझा नवरा वाचून मलाच बोलायला लागला, का तू पाडलास, आन् गाडीवाल्याचं सांगतीस."

तिच्या बोलण्यातला हा भाग मी फॉर्मवर कुठे लिहू शकले नाही. त्याला रकाना नव्हता.

हाड दोनदा बसवावं लागलं. आता ती जुळणीच्या कामावर नाही. तिथे मनगट फिरवावं लागतं. कँटीनमध्ये ताटं उचलते. पगार कमी झाला, ओळखीच्या बाया सुटल्या. तिनं आम्हाला मनगट फिरवून दाखवलं. अर्ध्यात अडकतं.

मी विचारलं, "हे कधी झालं, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? पोळ्याच्या आसपास. पोळ्याला पुरण घालता आलं नाय मला, हात गळ्यात होता. पाऊस पण होता त्या दिवशी, रस्ता वल्ला होता."

मी लिहिलं, मागचा पोळा. आपण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फिरत होतो. पोळ्याला वर्ष व्हायचं होतं. बारा महिन्यांच्या आत बसत होतं. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात.

निघताना ती तुम्हाला म्हणाली, "आता काय लिहिणार?"

"आता तू सांगितलं ते," तुम्ही म्हणालात. तिनं चहा केला. डाव्या हातानं गाळला. तुम्ही तो पूर्ण प्यायलात. तुम्हाला साखर बंद होती.

संध्याकाळी विभागात बसून मी फॉर्म तपासत होते. माझी ती सवय तुम्हाला ठाऊक आहे, तारखांवर बोट ठेवून जायची. एकशे चौदावर माझं बोट थांबलं. तिचा कागद तुम्ही लिहिला होता, आणि तुम्ही निवृत्त झालात त्या पोळ्याच्या आधीच, मे महिन्याच्या अखेरीला. त्या पोळ्याला तुम्ही ठाण्यात नव्हतात.

"जमादार, हे पोळ्याचं नसणार."

तुम्ही लगेच उत्तर दिलंत. म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. "व्हय. मेमधलं हाय. मी सुटायच्या आठ दिवस आधी. अवकाळी पडला होता त्या दिवशी."

"मग तिथे का नाही बोललात?"

"ती सांगल ते लिहायचं ठरलं होतं ना आपलं?"

ठरलं होतं. ते वाक्य माझंच. प्रशिक्षणाच्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून.

मी तुम्हाला समजावून सांगितलं. माणसाला मोठी घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडची वाटते. चौदा महिन्यांपूर्वीची बारा महिन्यांत येते. अशा सगळ्या घेतल्या तर आकडा फुगतो, मग त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्यांच्यासाठी मोजतो त्यांचंच नुकसान होतं. हे सगळं खरं आहे. आजही मी वर्गात हेच शिकवते.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे दुसरं कोणी तिच्या घरी गेलं असतं, तर ती आली असती."

"हो."

"मी गेलो म्हणून कटली."

"तुम्ही गेलात म्हणून खरी तारीख कळली."

"तेच म्हणायलो मी." आणि पुढे म्हणालात, "जवळची वाटती नाय, मॅडम. जवळच हाय ती. मनगट बघितलं ना तुम्ही?"

मी फॉर्मवर लाल पेनानं 'मुदतीबाहेर' लिहिलं आणि तो वेगळ्या फायलीत ठेवला. तुम्ही विचारलंत, त्या फायलीत किती आहेत. मी म्हटलं, सध्या एकच. तुम्ही हसलात. "आमच्या गहाळच्या रजिस्टरला पण पहिल्या पानावर आधी एकच होतं," म्हणालात.

मला राग आला. तुम्ही केलं ते लपवणं होतं आणि मी करत होते ते शिस्तीचं काम होतं, हा फरक तुम्हाला दिसत नाही असं मला वाटलं. मी कपाट लावलं. तुम्ही पिशवी उचललीत.

त्यानंतर तुम्ही आणखी पुष्कळ घरं केलीत, एकही फॉर्म परत करावा लागला नाही. आणि दर आठ-दहा दिवसांनी, जाता जाता, दारात थांबून विचारायचात, "त्या वाळूजच्या बाईचं काय?" शेवटचं विचारलंत त्या मंगळवारच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी, म्हणजे तुमच्या जाण्याआधी आठ दिवस. मी पेपर तपासत होते. वर न बघता म्हणाले, "बघू."

"हे तर आमचं उत्तर हाय, मॅडम. ठाण्यातलं," तुम्ही म्हणालात, आणि गेलात. माझा तो शेवटचा शब्द म्हणजे हा 'बघू'.

दहाव्या दिवशी मी तुमच्या घरी आले. सँडल दाराशीच होत्या, कुणी उचलल्या नव्हत्या. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या; मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तुम्हारा बहोत बोलते थे. मॅडम हिसाब की पक्की है, बोलते थे." आणि मग, "वो वाळूजवाली का काम हुआ क्या?"

मला काही कळलं नाही. नसरीननं कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात तुमच्या अर्जाची पोच म्हणून मिळालेली प्रत होती. आवक शिक्का, क्रमांक, सही. तुम्ही तुमच्याच जुन्या ठाण्यात जाऊन अर्ज दिला होता. अक्षर तेच, सुबक. सदर महिलेचा मोबाइल अनोळखी दोन इसमांनी हिसकावून नेऊन तिला जखमी केल्याचे तिने मला सांगितले असताना मी तशी नोंद न घेता गहाळची नोंद घेतली, ती माझी चूक आहे, तरी गुन्हा दाखल होणेस विनंती. अर्जदार म्हणून खाली तुमचं नाव. तारीख माझ्या 'बघू'च्या दुसऱ्या दिवसाची.

नसरीन म्हणाली, "अब्बांना तिथल्या पोरांनी लई समजावलं. जमादार, तुमची पेन्शन चालू हाय, कशाला उकरता. अब्बा म्हणाले, उकरत नाय, दुरुस्त करायलो."

तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. मी शास्त्र सांगून मोकळी झाले होते, आणि तुम्ही एकटे जाऊन त्या कागदाच्या मुळाशी हात घातलात. माझ्या बेरजेत ती येत नसेल, तर जिथून ती पहिल्यांदा गळली त्या बेरजेत तिला घालायला निघालात. मला राग कशाचा आला होता ते आता कळतं. तुम्ही खरं बोलला होतात. तुम्ही तिला एका रजिस्टरातून काढून दुसऱ्यात टाकलं होतं. मीही तेच केलं. तुमचं कारण साहेब होते, माझं कारण पद्धत. माझं कारण जास्त चांगलं आहे असं मी अजूनही म्हणेन. तिच्या घरून बघितलं तर काही फरक पडत नाही.

मागच्या आठवड्यात मी तुमची पोच घेऊन ठाण्यात गेले. तुमच्या खुर्चीत आता एक तरुण रायटर आहे, सौम्य बोलतो. त्यानं मलाही चहा सांगितला. अर्ज सापडला. त्यावर शेरा होता, 'अर्जदार मयत, सबब दप्तरी दाखल.' म्हणजे कपाटात. तो म्हणाला, "मॅडम, जमादारांनी आम्हाला हाताला धरून लिहायला शिकवलं. पण त्यांच्या अर्जावर गुन्हा कसा लिहिणार? ज्या बाईचं गेलं, ती आली पाहिजे."

तिथून मी वाळूजला गेले. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तुमच्या अर्जाचंही माहीत नव्हतं. मी तो वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला सांगितला, विशेषतः 'ती माझी चूक आहे' इथपर्यंत. मग कागद स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "हा माझ्या नवऱ्याला दाखवायला पाहिजे." मी पेनाला टोपण लावलं आणि कॅलेंडर बघत बसले.

"मी जाते," ती म्हणाली. "पण ताई, तुम्ही याल का संगं? मला परत हिसकला, हिसकला म्हणायचं हाय, आन् कोणीतरी ऐकायला पाहिजे."

पुढच्या फेरीची प्रश्नावली मी बदलली आहे. आता आधी विचारायचं, गेल्या पाच वर्षांत कधी असं घडलं का. माणूस मोकळेपणानं सांगतो, सांगून होतं, आणि मग बारा महिन्यांचं विचारलं की तारीख ओढाताण न करता आपल्या जागी बसते. हा उपाय पुस्तकांत आधीपासून होता, मी वाचलाही होता. पाच वर्षांच्या रकान्यात तिच्यासारखीला जागा असेल. या फेरीच्या एकूण आकड्यात ती नाही, आणि मी तिला घालणार नाही. तुम्हाला हे पटलं नसतं. आपण भांडलो असतो.

सध्या असं आहे. तिच्यावर जे घडलं त्याचे तीन कागद आहेत: तिनं काढून दिलेला तुमच्या हातचा गहाळचा दाखला, माझ्या लाल शेऱ्याचा फॉर्म आणि तुमच्या अर्जाची प्रत. तिन्ही मी एका पिशवीत ठेवलेत. तिन्हींतला एकही अजून कोणत्याही बेरजेत धरलेला नाही. वाळूजला शुक्रवारी सुट्टी असते. या शुक्रवारी साडेदहाला ती आणि मी ठाण्यात जाणार आहोत.